मस्कत, लातूर आणि समोरचे

हत्तरगे सरांकडं कुणी धंद्याचा सल्ला विचारायला आलं की ते आधी त्या माणसाला फळ्यासमोर बसवत. क्लास सुटलेला असे, बाकं रिकामी असत. सर नवा खडू घेऊन त्याचे दोन तुकडे करत. अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मग फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ. एका बाजूला ‘ओमान’, दुसऱ्या बाजूला ‘भारत’.

मी त्यांच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते, त्यामुळं हा प्रकार मी बरेचदा पाहिला. एकदा चाकूरचा त्यांचा एक जुना विद्यार्थी आला. इंजिनिअर झालेला. त्याला पंपदुरुस्तीचं वर्कशॉप टाकायचं होतं. मामा मस्कतमध्ये होता, तो म्हणे इकडं ये. बाप म्हणे लातूरच्या एमआयडीसीत शेड घेऊ. सरांनी रेघ ओढली आणि सांगायला लागले. तिकडं लाईट जात नाही. परवाना ज्या खिडकीवर मिळतो म्हणतात, त्याच खिडकीवर मिळतो. गणपतीची, जयंतीची, इलेक्शनची वर्गणी मागायला कुणी येत नाही. आडनाव ऐकून कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. पण परवान्यावर नाव तिथल्या माणसाचं लागतं. तू कितीही वर्षं राहा, पाहुणाच. एक दिवस पाहुणचार संपला म्हणाले की बॅग भरायची. इकडं तुला कुणी देशाबाहेर काढू शकत नाही. जमीन तुझी, भाषा तुझी, भांडायला कोर्ट तुझं. आणि गिऱ्हाईक गरजू आहे, रात्री बोअर बंद पडला तर ते सकाळी तुझ्या दारात उभं असतं.

पोरगं वहीत लिहून घ्यायला लागलं तेव्हा सरांनी त्याला थांबवलं. म्हणाले, “नुसता धंदा करायचा असंल तर तो देश बरा. अजून काही करायचं असंल तर आपलाच देश लागतो.”

पोरानं विचारलं, अजून काही म्हणजे काय? सरांनी तळहातानं फळा पुसला. डस्टर ते कधी वापरत नसत, त्यांचा उजवा हात कायम पांढरा असायचा. म्हणाले, “तुला गरज न पडो.”

मला ते ‘अजून काही’ माहीत होतं. लातूरच्या क्लासवाल्या गल्लीतल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

भूकंपाच्या आधीची गोष्ट. मन्मथ हत्तरगे आणि दिगंबर येलमटे हे दोघं मी शिकवायचे त्याच कॉलेजात प्राध्यापक होते. हत्तरगे फिजिक्सचे, येलमटे गणिताचे. लातूरच्या निकालाची हवा तेव्हा नुकती तापायला लागली होती. परभणीची, बीडची, पार सोलापूरची पोरं ट्रंका घेऊन उतरत होती आणि ज्याच्या घरात एक खोली जास्तीची होती तो ती भाड्यानं देत होता. या दोघांनी मिळून क्लास काढला. जागा येलमट्यांनी त्यांच्या ओळखीनं मिळवली. शिकवणं खरं हत्तरग्यांचं. पोरं त्यांच्यावर जीव टाकत. गणितात चिन्ह चुकलं की ते त्या पोराजवळ जाऊन शांतपणे विचारत, “वजा कुठं ठिवलास? घरी?” सगळा वर्ग हसे आणि ते पोरगं पुन्हा आयुष्यात वजाचं चिन्ह विसरत नसे. पाटीवर ठळक अक्षरांत दोन्ही आडनावं होती, हत्तरगे आधी, येलमटे नंतर. लिखापढी काही नव्हती. येलमटेच म्हणाले होते म्हणे, आपल्यात कागद कशाला.

विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला तेव्हा हत्तरगे सर लातुरात होते. त्यांचं गाव औसा तालुक्यात. उजाडताना एका टेम्पोच्या मागं उभं राहून ते गावाकडं गेले. आई, थोरला भाऊ आणि वहिनी, तिघंही दगडामातीखाली गेले होते. भावाची दोन लेकरं वाचली, ती पुढं सरांनीच वाढवली. लग्न केलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणत, घर भरलेलं हाय.

सर गावातून परत आले नाहीत, कॉलेजात रजा टाकली. पत्र्याच्या शेडमध्ये लोक राहायला लागले, त्यातल्याच एका शेडमध्ये त्यांनी दहावीची पोरं जमा केली. शाळा पडली होती, पण बोर्डाची परीक्षा काही पडली नव्हती. सगळा हिवाळा त्यांनी तिथं शिकवलं. फळा नव्हता, पत्र्यावरच खडूनं लिहायचे. लातुरातून येलमट्यांचा निरोप आला होता, तिकडचं बघ, क्लासची काळजी करू नको. आम्हाला सगळ्यांना तेव्हा येलमट्यांचं कौतुक वाटलं होतं.

मार्चमध्ये पोरांचे पेपर झाले आणि सर लातूरला आले. बसस्टँडवरून सरळ क्लासवर गेले. पाटीला नवा रंग दिला होता. ‘येलमटे क्लासेस’. जुन्या अक्षरांवरून ऑइलपेंटचा हात फिरवला होता, पण हत्तरग्यांचा ‘ह’ उन्हात जरा दिसत होता. मी तेव्हा समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात होते. सर पाटीखाली उभे होते, पिशवी खांद्याला तशीच.

येलमटे खाली आले. ते काय बोलले ते मी कानांनी ऐकलं. “मन्मथ, तू तिकडं गुंतलास. पालक रोज विचारायलेत, हत्तरगे सर कुठं हायेत. मी काय सांगू? पोरांचं वर्ष हाय. तू ये ना, तुझ्या विषयाचे तास घे. पगार लावतो.”

सर एवढंच म्हणाले, “पगार.” मग पिशवी सावरून निघून गेले.

त्या दिवसानंतर येलमट्यांचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. ते त्यांना ‘समोरचे’ म्हणायला लागले. तेव्हा समोर कुणी नव्हतं, आणि सरांचा क्लासही नव्हता. पण शब्द आधी आला. स्टाफरूममध्ये एका टेबलाशी बसणं त्यांना जमेना. वर्षाच्या आत त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या एका विद्यार्थ्याचे वडील, उदगीरचे जब्बारभाई, मस्कतला भारतीय शाळेची बस चालवत. त्यांनी शब्द टाकला आणि सर त्या शाळेत शिक्षक म्हणून गेले. लेकरं मावशीकडं ठेवली.

मस्कतच्या गोष्टी ते फार रंगवून सांगत नसत. एक मात्र त्यांनी मला अनेकदा सांगितली. शाळेत जम बसल्यावर त्यांना तिथं क्लास काढायचा होता. परवान्यासाठी स्थानिक भागीदार हवा. जब्बारभाईंनी सालेम नावाच्या एका गृहस्थांशी गाठ घालून दिली. बंदरावर नोकरी करून निवृत्त झालेले, हिंदी चांगलं बोलणारे. पहिल्या भेटीत सालेमनी कॉफी मागवली, खजुरांची ताटली पुढं सरकवली आणि म्हणाले, आधी ऐकून घ्या. पाटी माझ्या नावाची असेल. शिकवणार तुम्ही, नाव माझं. उद्या माझं मन फिरलं तर मी तुम्हाला विमानात बसवू शकतो आणि तुम्ही काही करू शकणार नाही. हे पटत असेल तर कॉफी प्या.

सर म्हणत, “बाई, मी त्या माणसाकडं बघतच राहिलो. आपल्याकडं भावासारखा म्हणून नाव पुसतेत. तिथं परक्यासारखं तोंडावर सांगितलं, नाव तुझं न्हाईच. मी कॉफी पिलो.”

सालेमनी त्यांना कधी विमानात बसवलं नाही. उलट सालेमच्याच पुतण्यानं एकदा क्लास स्वतःकडं घ्यायचा घाट घातला तेव्हा सालेमनी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, मी या मास्तरला पहिल्या दिवशी काय ते बोललोय, त्याच्या बाहेर जाणार नाही. क्लास नावारूपाला आला. मलबारी, गुजराती, तेलुगू पोरं यायला लागली. एसी वर्ग, मऊ खुर्च्या, वेळेवर बस. सर सांगत की पोरं गुणी होती, पण त्यांना घाई नव्हती. नापास झालं तरी घरी गाडी होती. पत्र्यावर लिहिलेलं वाचणाऱ्या पोरांची नजर त्यांना तिथं दिसली नाही.

ते शुक्रवारी फोन करत. भावाच्या लेकरांशी बोलून झालं की मला लावत. तब्येत, कॉलेज, निकाल, सगळं थोडक्यात. मग थांबून विचारत, “समोरचे काय करायलेत?” येलमट्यांचा क्लास तेव्हा जोरात होता. दोन मजले झाले होते. मी खरं ते सांगे. पलीकडून ते फक्त ‘हाव’ म्हणत. एकदा मी म्हणाले, सर, तिकडं तुमचं इतकं छान चाललंय, आता सोडून द्या. ते म्हणाले, “इथं सगळं हाय बाई. पण इथून ते दिसत न्हाईत.”

काही वर्षांनी एका जूनमध्ये सर परत आले. सालेमनी फार थांबवलं. चालता क्लास सोडून कुणी जातं का, असं जब्बारभाईही म्हणाले. सरांनी लातुरात येऊन पहिलं काम केलं ते जागा शोधायचं, आणि शोधली एकच. येलमट्यांच्या क्लाससमोरच्या इमारतीचा वरचा मजला. मधे फक्त रस्ता.

त्यांनी जाहिरात केली नाही. येलमट्यांची बॅच सात वाजता असेल तर यांची साडेसहाला. त्यांच्या पोरांना खोल्या देणारे जे घरमालक होते, त्यांच्याकडं सर स्वतः जाऊन बसले, पोरं आपल्याकडं वळवा म्हणाले. येलमट्यांकडं रसायनशास्त्र शिकवणारे एक तरुण सर होते, त्यांना आणलं. दुसऱ्या वर्षी त्यांचे फिजिक्सचे सर आणले. येलमट्यांनी नवा माणूस ठेवला की सर त्याचे तास कसे होतात ते पोरांकडून ऐकत. चांगला असला तर बोलावून घेत. वाईट असला तर म्हणत, राहू द्या त्यांना. लोडशेडिंगच्या दिवसांत त्यांनी मोठा जनरेटर बसवला आणि तो मुद्दाम रस्त्याच्या बाजूला ठेवला. समोर अंधार झाला की इथं दिवे लागत आणि त्याचा आवाज रस्त्यापलीकडं जाई. दुपारी वर्ग रिकामे असताना सर खिडकीत खुर्ची टाकून बसत. समोरच्या जिन्यावरून किती पोरं उतरली, कोण नवं दिसलं, कुठली बॅच आटली, सगळं बघत. जेवणाचा डबाही तिथंच खात. भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. “आज समोरच्यांचा खालचा हॉल बंद हाय,” असं ते घास चावता चावता सांगत, जणू पाऊसपाण्याची खबर.

मी त्यांना एकदा विचारलं की हे तुम्हाला आवडतं का. ते म्हणाले, “मस्कतला झोप लागत न्हवती. इथं लागती.” चेहऱ्यावर हसू नव्हतं. खरं सांगत होते.

मग एका वर्षी येलमट्यांची मुलगी आली.

ऋतुजा अकरावीत होती. एकटीच जिना चढून वर आली. मी तेव्हा सरांच्या शेजारी पेपर तपासत होते. ती म्हणाली, मला इथं शिकायचंय. सरांनी नाव विचारलं. तिनं पूर्ण नाव सांगितलं. आणि म्हणाली, “बाबांच्या क्लासला आता फिजिक्सला कुणी न्हाई सर. होते ते तुम्ही आणले. मग मी कुठं शिकू?”

सरांनी रजिस्टरमध्ये तिचं नाव लिहिलं. मग म्हणाले, “पहिल्या बाकावर बसत जा.”

त्या दोन वर्षांत मला वाटलं, सर निवळले. इतक्या तन्मयतेनं त्यांनी क्वचित कुणाला शिकवलं असेल. ऋतुजाचं एक गणित अडलं तर ते पुढचा तास खोळंबवून ठेवत. तिला ताप आला तर डबा पाठवायला मला सांगत. ती हुशार होती, पण घाबरट होती. पेपर हातात आला की हात थरथरायचे. सरांनी तिला रोज वेळ लावून पेपर सोडवायला लावला, समोर बसून, शब्द न बोलता, तिचा हात थांबेपर्यंत. बापाशी ते कधी बोलले नाहीत आणि बापही कधी जिना चढून आला नाही. सकाळी ती समोरच्या दारातून निघे, रस्ता ओलांडे आणि आमच्या दारात शिरे. येलमटे कधी कधी वर खिडकीत उभे दिसत.

तिला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. क्लासमध्ये पेढे वाटले. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तिच्या केसांना खडू लागला आणि ती हसली. तो दिवस छान होता.

दोन दिवसांनी आमच्या इमारतीवर फ्लेक्स चढला. अख्ख्या मजल्याएवढा. त्यावर इतर मुलं नव्हती, फक्त ऋतुजा. खाली नाव: ऋतुजा दिगंबर येलमटे. ‘ऋतुजा’ लहान अक्षरांत होतं, ‘दिगंबर येलमटे’ लांबून वाचता येईल इतकं मोठं. त्याखाली ‘हत्तरगे क्लासेस’. त्याचं तोंड रस्त्याकडं, म्हणजे समोरच्या खिडक्यांकडं होतं. प्रिंटिंगवाल्याला सरांनी स्वतः बसून अक्षरांची मापं सांगितली होती.

गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस मान वर करून वाचे आणि मग मागं वळून येलमट्यांच्या पाटीकडं बघे. क्लासवाल्याचीच पोरगी दुसऱ्याच्या क्लासला जाऊन डॉक्टर व्हायला निघाली, हे आता कुणाला सांगायची गरज उरली नव्हती. नव्या वर्षाचे प्रवेश चालू होते. पालक समोरच्या पायऱ्या चढायचे बंद झाले.

ऋतुजा पुन्हा जिना चढून आली. या वेळीही मी तिथं होते. ती म्हणाली, “सर, तो फोटो उतरवा. बाबा खिडकी उघडत न्हाईत.”

सर म्हणाले, “तुझ्या मेहनतीचा फोटो हाय. त्यात खोटं काय लिवलंय का?”

“खोटं न्हाई सर. पण माझ्यासाठी लावलेला न्हाई.”

सरांनी खडू हातात घेतला आणि त्याचे दोन तुकडे केले. म्हणाले, “न्हाई उतरवणार.”

ती रडली नाही. पाया पडली नाही. जिन्यावरून तिच्या पावलांचा आवाज बराच वेळ येत राहिला, इतकी ती हळू उतरली. मी सरांना म्हणाले की हे बरं नाही केलंत. ते म्हणाले, “बाई, माझं नाव पुसलं तेव्हा त्यांना कुणी म्हणालं का? तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात उभ्या होतात.” मला पहिल्यांदाच त्या माणसाची भीती वाटली.

फ्लेक्स पुढच्या निकालापर्यंत राहिला. येलमट्यांचा क्लास त्याआधीच बंद झाला. शटर खाली आलं, मग पाटी उतरली, मग तिथं रेडिमेड कपड्यांचं दुकान लागलं. सरांचा क्लास भरून वाहत होता. पण दुपारी ते खिडकीत बसत तेव्हा समोर फक्त कपडे घातलेले पुतळे असत. डबा खाताना सांगायला काही नसे. वर्गात ते चिडायला लागले. वजा विसरलेल्या पोराला आता ते सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलत.

अशी बरीच वर्षं गेली. मी निवृत्त झाले. एक दिवस मला नांदेडहून फोन आला. ऋतुजा तिथंच डॉक्टर झाली होती, लग्न करून स्थायिक झाली होती, आईवडिलांना तिनं लातुरातून स्वतःकडं नेलं होतं. म्हणाली, बाबांना बरं नसतं, मॅडम. सरांना घेऊन याल का?

मला वाटलं, दोघांची भेट घडवायची आहे तिला. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, बोलावलंय का, नक्की बोलावलंय का. निघाले त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सफारी घातला होता. हातही घासून धुतलेला, खडूचा मागमूस नाही. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोहा मागं पडल्यावर म्हणाले, “त्यांनी माफी मागितली तर मी देणार न्हाई. तुम्ही मधे पडू नका.”

येलमटे बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. अंगानं बरे दिसत होते. सरांना बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मी चकित झाले. “मन्मथ,” ते म्हणाले, “ये ये. किती उशीर केलास. बॅच बसलीय वर.” सरांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. मग ऋतुजाच्या आईकडं वळून म्हणाले, चहा टाक, हत्तरगे आलेत, आमचे पार्टनर.

ऋतुजानं हळूच सांगितलं की त्यांना विसर पडायचा आजार आहे. अलीकडचं आधी गेलं, मग मधलं गेलं. आता लातूरचे पहिले दिवस तेवढे राहिलेत.

सर उभेच होते. मग ते खुर्चीजवळ वाकले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “दिगंबर, मी तुझा क्लास बंद पाडला. समोर बसून बंद पाडला. ऐकू आलं का?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते नाव घेतलं होतं.

येलमट्यांनी नीट ऐकून घेतलं. मान डोलावली. “बंद केलास? बरं केलंस,” ते म्हणाले. “लई दगदग व्हती रे.” आणि सरांचा हात थोपटत राहिले.

सरांनी हात सोडवून घेतला. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. आम्ही निघालो तेव्हा ऋतुजा फाटकापर्यंत आली. सर म्हणाले, यांची अशी अवस्था आहे हे तू फोनवर सांगितलं नाहीस. ती शांत होती. मेडिकलला जायच्या आधीची थरथर तिच्या हातांत कुठं राहिली नव्हती.

“बाबांना तुमचं काहीच आठवत न्हाई सर,” ती म्हणाली. “मला सगळं आठवतं. ते तुम्हाला दाखवायचं होतं, म्हणून बोलावलं.”

सर म्हणाले, “तू मोठी झालीस.”

“तुम्हीच शिकवलंत,” ती म्हणाली आणि फाटक लावून घेतलं.

त्या जूनपासून सरांनी बॅच घेतली नाही. क्लास त्यांच्या पुतण्यानं चालवायला घेतला, नाव तेच ठेवलं. सर गावाकडं राहायला गेले असं कळलं. मी एकदोनदा फोन केला, पुतण्यानं उचलला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नांदेडच्या बसस्टँडवर, ऋतुजाकडून निघालो त्याच दिवशी. माझी बहीण नांदेडला असते, मी रात्री तिच्याकडं थांबणार होते. सरांना स्टँडवर सोडून मी रिक्षात बसले. रिक्षावाला अजून दोन सवाऱ्यांची वाट बघत थांबला होता, म्हणून मला ते दिसत राहिले. लातूरची गाडी फलाटाला लागली. कंडक्टर ओरडत होता, माणसं खिडक्यांतून पिशव्या टाकून जागा धरत होती. सर बाकावर बसून होते, गुडघ्यावर हात. गाडी भरली आणि निघाली. ते उठले नाहीत. थोड्या वेळानं लातूरचीच दुसरी लागली. एक म्हातारी त्यांना विचारत होती, ही कुठली गाडी, आणि त्यांनी वर बघून पाटी वाचली, तिला सांगितलं, तिची पिशवी उचलून दाराशी दिली आणि परत येऊन बाकावर बसले. ती गाडीही गेली. रिक्षावाल्यानं किक मारली तेव्हा फलाट रिकामा होता आणि सर तिथंच होते.